मोबाइलवरचे खेळ आणि मुख्याध्यापकी पुरोगामित्व

महाराष्ट्रात प्रतिगामी आणि पुरोगामी यांचे एकमत व्हावे असे प्रश्न फार थोडे उरले आहेत. मोबाइलवरील खेळ हा त्यांपैकी एक. शाखेवरचा मुख्यशिक्षक, सत्संगातील निरूपणकार, शाळेचे मुख्याध्यापक, दैनिकांचे अग्रलेखक आणि समाजवादी चळवळीतील ज्येष्ठ कार्यकर्ते या एका बाबतीत एकाच सुरात बोलतात : या खेळांनी पिढी बिघडली, मुले हिंसक झाली, अभ्यास बुडाला, तेव्हा बंदी घाला. इतक्या परस्परविरोधी प्रवृत्तींचे जेथे एकमत होते तेथे डाव्या विचाराच्या माणसाने आधी सावध व्हायला हवे. असे एकमत बहुधा कोणाच्या तरी पाठीवर उभे असते. येथे ती पाठ गरिबाच्या पोराची आहे.

नागपूरच्या पूर्व भागातील नंदनवन वसाहतीत कोणत्याही संध्याकाळी फेरी मारावी. जगनाडे चौकाच्या आसपास, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरातील चहाच्या टपऱ्यांवर, झोपडपट्टीच्या तोंडाशी असलेल्या ओट्यांवर चार-चार पोरे माना खाली घालून बसलेली दिसतात. घरपोच जेवण पोहोचवणारा तरुण दोन ऑर्डरींच्या मधल्या वेळात गाडीवर बसल्या बसल्या लुडोचा एक डाव उरकतो. रस्त्याने जाणारा निवृत्त शिक्षक हळहळतो आणि पक्षाचा कार्यकर्ता भांडवलशाहीची नवी अफू म्हणून या दृश्याची नोंद करतो. दोघेही पुढे निघून जातात. त्या पडद्यावर नेमके काय चालले आहे, हे वाकून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

याच नागपूरने जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुख हिचा जयजयकार केला, आणि तो रास्तच होता. बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ही एकोणीस वर्षांची मुलगी ग्रँडमास्टर झाली. परंतु आजचे बुद्धिबळ हेही बव्हंशी संगणकाच्या पडद्यासमोर बसून, तासन्‌तास डाव तपासूनच शिकले जाते. म्हणजे आक्षेप पडद्यालाही नाही आणि तासांनाही नाही. कोणता खेळ सुसंस्कृत आणि कोणता उनाड हे ठरवण्याचा अधिकार पांढरपेशा वर्गाने परस्पर स्वतःकडे घेतला आहे, आणि चळवळीने त्याच्या निकालपत्रावर न वाचता सही केली आहे.

गंमत अशी की खुद्द खेळणाऱ्यांच्या जगातही अशीच निकालपत्रे फिरत असतात. तेथील एक सर्वमान्य मत असे की 'फ्री फायर' हा दरिद्री खेळ. त्याची चित्रे ओबडधोबड, त्याचे खेळाडू अडाणी. जाणकाराने खेळावा तो 'पब्जी', म्हणजे आता 'बीजीएमआय'. महागडा फोन हाती असलेला मुलगा दुसऱ्याला 'काहून बे, अजून फ्री फायरवरच आहे का?' असे विचारतो, तेव्हा तो खेळाविषयी बोलत नसतो, त्याच्या बापाच्या मिळकतीविषयी बोलत असतो. वस्तुस्थिती अशी आहे की हा खेळ बनवणाऱ्यांनी स्वस्त, कमी ताकदीचा फोन डोळ्यासमोर ठेवला होता. पब्जीच्या मैदानात शंभर खेळाडू उतरतात आणि डाव अर्धा तास चालतो. फ्री फायरमध्ये पन्नास जण आणि सुमारे दहा मिनिटे. ज्याचा फोन तापतो, ज्याचा डेटा दुपारीच संपतो, ज्याला मधेच हाक आली की उठावे लागते, त्याच्या आयुष्याला दहा मिनिटांचा डावच झेपतो. कारागिरीची कसोटी साधनांच्या मर्यादेत काय साधले यावर लावायची असेल, तर हा 'दरिद्री' खेळ त्याच्या श्रीमंत भावंडापेक्षा सरस ठरतो. त्याची सिंगापूरची मालक कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हे. गरिबाच्या फोनमध्ये तिने बाजारपेठ पाहिली. पण त्या खेळाची हेटाळणी ज्या कारणासाठी होते ते कारण जातिवंत वर्गीय तुच्छतेचे आहे, आणि ओट्यावरचा पोरगा ते बरोबर ओळखतो. त्याला ते सांगायला कार्यकर्ता लागत नाही. कार्यकर्त्याला मात्र ते त्याच्याकडून शिकता आले असते.

आता हिंसेचा मुद्दा. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पब्जी खेळण्यावर मनाई हुकूम काढला आणि मोबाइलवर खेळत बसलेल्या तरुणांना, त्यांत विद्यार्थ्यांनाही, अटक केली. खेळताना पकडलेला विद्यार्थी पोलीस ठाण्यात बसवून ठेवण्याच्या या पराक्रमावर पुरोगामी वर्तुळांतून जेवढा संताप उठायला हवा होता तेवढा उठला नाही. कारण मनातून अनेकांना ते पटले होते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ उपयोजनांवर बंदी घातली, त्यात पब्जीही गेला. ती बंदी गलवानच्या संघर्षानंतरची, सुरक्षिततेच्या नावाने घातलेली होती, तरी घराघरांतून समाधानाचे सुस्कारे सुटले ते मुलांच्या नावाने. पुढे काय झाले? जुलै २०२१ मध्ये तोच खेळ दक्षिण कोरियाच्या क्राफ्टॉन कंपनीकडून नव्या नावाने परतला. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा अडवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. पहिल्या पुनरागमनात दोन सुधारणा होत्या. रक्ताचा रंग लाल ऐवजी हिरवा करण्यात आला. आणि अठरा वर्षांखालील मुलाने दिवसाला तीन तासच खेळावे व सात हजार रुपयांपर्यंतच खर्च करावा, असा नियम झाला.

सात हजार रुपये, दिवसाला, अल्पवयीन मुलाने! नंदनवनात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या महिन्याच्या मिळकतीशेजारी हा आकडा मांडून पाहावा. संस्कृतिरक्षकांच्या समाधानासाठी रक्त हिरवे झाले. खिसा कापण्याची मर्यादा मात्र संरक्षणाच्या नावाखाली कायम राहिली, आणि त्यावर अग्रलेख आले नाहीत. हिंसेवरचे हे सगळे चर्चित-चर्वण मालकाला सोयीचे असते ते यासाठी. बंदुकीच्या गोळीकडे सर्वांचे डोळे लागले की बंदुकीवर चढवायच्या रंगीत आवरणाकडे कोणाचे लक्ष जात नाही. धंदा त्या आवरणाचा आहे. पैसे भरून एक पेटी उघडायची. आत काय निघेल हे नशिबावर. हवे ते निघाले नाही तर पुन्हा भरायचे. जिंकलेली वस्तू रोखीत वटवता येत नाही, एवढ्या सबबीवर ही पेटी जुगारात मोजली जात नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने मात्र २०१८ मध्येच अशा पेट्या जुगार ठरवल्या. तेथे मुलांच्या संस्कारांविषयी प्रवचने झाली नाहीत. पैसा आणि नशीब यांची सांगड कोठे बसते एवढेच पाहिले गेले.

याउलट, ज्या खेळांत रक्ताचा थेंब नव्हता, शिवी नव्हती, उघडे अंग नव्हते, त्यांना आपल्याकडे केवढी प्रतिष्ठा होती! रमी हा कौशल्याचा खेळ, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये दिला. तो चार भिंतींच्या आड पत्ते पिसणाऱ्या मित्रमंडळींविषयी होता. त्याच्या आधारे पुढे कोट्यवधी फोनांत पत्त्यांचे अड्डे उघडले गेले. क्रिकेटचे कल्पनेतले संघ रचून पैसे लावण्यालाही २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कौशल्यच मानले. २०२३ पासून त्याच कंपनीचे नाव भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर होते. नटांनी जाहिराती केल्या, खेळाडूंनी केल्या. सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसवला आणि आपला वाटा उचलला. फ्री फायर खेळणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घालणारा बाप त्याच सोफ्यावर बसून अकरा जणांचा संघ लावत होता, आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नव्हती.

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेच्या सभागृहातील एक दृश्यफीत पसरली. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातातील फोनवर रमीचा डाव दिसत होता. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेली जाहिरात दूर सारत होतो, असा खुलासा त्यांनी केला. तो खरा मानला तरी प्रश्न उरतोच : राज्याच्या सभागृहात, मंत्र्याच्या फोनवर जुगाराची जाहिरात इतक्या सहज पोहोचते, तर सोयाबीनचे पैसे हाती आलेल्या तरुण शेतकऱ्याच्या फोनवर ती किती वेळा पोहोचत असेल? कृषी खाते त्यांच्याकडून काढण्यात आले आणि क्रीडा खाते देण्यात आले. व्यंगचित्रकारांसाठी काही कामच उरले नाही.

नागपूरच्याच एका व्यापाऱ्याने जुलै २०२३ मध्ये ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार नोंदवली, तेव्हा शहर हादरले होते. पोलिसांच्या धाडीत गोंदियात नोटांच्या थप्प्या, सोने, चांदी निघाली. बातम्या रकाने भरभरून आल्या. मात्र दोन-दोन हजार करून बुडालेले, चिट फंडाचा हप्ता किंवा बहिणीच्या लग्नाची बचत घालवून बसलेले जे असंख्य लोक होते त्यांची तक्रार कोणी नोंदवून घेतली नाही. त्यांना ती नोंदवण्याची लाज वाटत होती, आणि ही लाज त्यांना शिकवण्यात बंदीवाद्यांच्या प्रवचनांचा वाटा मोठा आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला. २० तारखेला लोकसभेत, २१ तारखेला राज्यसभेत, गदारोळात आणि जवळजवळ चर्चेविना. पैसे लावून खेळायच्या साऱ्या ऑनलाइन खेळांना त्याने मनाई केली. कौशल्य की नशीब हा वकिली भेद निकालात काढला. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला. खेळणाऱ्यास मात्र गुन्हेगार मानले नाही. कायदा करणारे कोण आहेत यावरून कायद्याचे मूल्यमापन करण्याची सवय चळवळीत आहे, ती येथे सोडावी लागेल. मनाई योग्यच आहे. सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपयांच्या आसपास गमावतात, हा सरकारनेच सांगितलेला अंदाज आहे. प्रश्न इतकाच की ही लूट डोळ्यांदेखत चालू असताना ज्या सरकारने तिच्यावर कर घेतला, त्याने बुडालेल्यांच्या वाट्याला काय ठेवले? आणि 'रोजगार बुडाला' म्हणून आज जे कंपन्यांच्या बाजूने अश्रू ढाळत आहेत, त्यांनी जुगाराच्या गुत्त्यावरचा नोकर आणि त्या गुत्त्याचा मालक यांतला भेद विसरू नये. नोकराला काम द्या. गुत्ता बंदच राहू द्या.

येथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. पैसा नसलेल्या खेळाचेही व्यसन लागते. घरे त्रस्त आहेत. आई रात्री दोन वाजता पोराच्या हातातून फोन ओढून घेते, ती काय पांढरपेशी ढोंगी आहे? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराचा समावेश रोगांच्या वर्गीकरणात केला असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. परंतु त्याच संघटनेने हेही सांगितले आहे की खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा विकार जडतो, आणि निदान करण्यापूर्वी सामान्यतः बारा महिने आयुष्य विस्कळीत झालेले दिसले पाहिजे. त्या थोड्यांसाठी मानसोपचार हवा, तोही सरकारी रुग्णालयात आणि फुकट. बाकीच्यांना रोगी ठरवून मोकळे होणे हा आळस आहे. काही साथी चीनचे उदाहरण देतात : तेथे २०२१ पासून अल्पवयीनांना आठवड्यातून तीनच तास, शुक्रवार-शनिवार-रविवारी रात्री आठ ते नऊ. ते उदाहरण देताना एक गोष्ट राहून जाते. जगातील सर्वात बलाढ्य खेळ-कंपन्यांपैकी टेन्सेंट ही त्याच चीनची आहे. घरच्या पोराला तीन तास आणि परक्या पोराला दिवसरात्र, याला समाजवाद म्हणायचे असेल तर निर्यातदारांच्या संघटनेलाही पक्षात घ्यावे लागेल.

लोकांच्या करमणुकीला असे नाक मुरडणे महाराष्ट्राला नवे नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली, आणि ती उठली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीसह. महार, मांग, कोल्हाटी कलावंतांच्या पोटावर पाय आला आणि सुशिक्षितांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डाव्यांनी त्या वेळी काय केले? अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांनी तोच तमाशा हाती घेऊन लोकनाट्य उभे केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' गावोगाव नेले. लोक जेथे बसले होते तेथे ही माणसे गेली; 'उठा, हे तुमच्या भल्याचे नाही' असे सांगत फिरली नाहीत. मोबाइलवरच्या खेळापुढे मात्र त्यांच्या वारसांना खेर मंत्रिमंडळाची भूमिका जवळची वाटते.

खेळातून विचार सांगता येत नाही, हा समजही असाच पोकळ आहे. मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुटीत 'व्यापार'चा पट मांडला जातो, खेळगड्यांना भाडे आकारून दिवाळखोर केले जाते. त्याचा मूळ पट अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी या बाईने रचला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हेन्री जॉर्जच्या विचारांची ती अनुयायी. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नागवते हे पोराटोरांनाही कळावे म्हणून तिने 'जमीनदाराचा खेळ' बनवला. त्याला नियमही दोन प्रकारचे केले : एका प्रकारात एकजण सर्वांना बुडवतो, दुसऱ्यात भाडे सार्वजनिक तिजोरीत जाते आणि सर्वांची भरभराट होते. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने पाचशे डॉलर देऊन तिचे पेटंट घेतले. बाजारात जो खेळ गाजला त्यात पहिल्या प्रकारचे नियम राहिले, दुसऱ्या प्रकारचे गळाले. खेळ निरर्थक असते तर भांडवलाने एवढी काटछाट केली नसती.

आणि हे खेळ बनवतात कोण? 'जीटीए' या खेळमालिकेविषयी दोन मते रूढ आहेत. मोठ्यांना ती गुन्हेगारीची पाठशाळा वाटते. २००२ च्या 'व्हाइस सिटी'वर सायबर कॅफेत वाढलेल्या तिशी-चाळिशीतल्या पिढीला ती बालपणाचे नंदनवन वाटते. दोन्ही मतांत कामगार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मालिका बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने ब्रिटन आणि कॅनडातील तीसहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. संघटना बांधत होतो म्हणून काढले, असा कामगार संघटनेचा आरोप आहे. गोपनीय माहिती फोडली म्हणून काढले, असे कंपनी म्हणते. अमेरिकेत आवाज आणि अभिनय देणाऱ्या कलावंतांनी जुलै २०२४ पासून जवळपास वर्षभर संप केला, कारण त्यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करून त्यांनाच घरी बसवण्याचा घाट होता. पुण्यातही युबीसॉफ्टसारख्या परदेशी कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. तेथे आणि इतरत्र दिवसभर तोच तो खेळ तपासणारे, चुका नोंदवणारे मराठी तरुण आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्रातील किती कामगार संघटनांनी एक पत्रक तरी काढले आहे? खेळाला अफू म्हटले की अफूच्या शेतातल्या मजुराकडे पाहण्याची जबाबदारी संपते, असा काहीसा समज दिसतो.

परत नंदनवनकडे यावे. नाव इंद्राच्या बागेचे. पण वाठोडा, खरबीच्या बाजूला शहर सरकत गेले तसतसे मातीचे मैदान मागे मागे गेले. नागपूरच्या अभिन्यासांत नकाशावर 'खुली जागा' असते. प्रत्यक्षात त्या जागेवर कोठे मंदिर, कोठे समाजभवन, कोठे लग्नाचा मांडव, कोठे कुंपण आणि कुलूप असते. मुलीला तर तेवढीही जागा नाही; अंधार पडण्याआधी तिने घरात यायचे असते, आणि घरात आल्यावर भावाचा फोन मोकळा असेल तर दहा मिनिटे. तिच्या हातातला तो दहा मिनिटांचा डाव काढून घेणारे तिला त्या बदल्यात काय देणार आहेत, हे त्यांनी सांगितलेले नाही.

राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत पोरे आधी खेळायला येत. कबड्डी, खो-खो, लेझीम आधी, गाणे आणि गोष्ट नंतर, विचार त्याहीनंतर. नंदनवनपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या रेशीमबागेला ही गोष्ट १९२५ पासून ठाऊक आहे आणि ती तेथे कोणी विसरलेले नाही. विसर पडला आहे तो इकडे. कार्यकर्ते शिबिरात फोन जमा करून घेतात आणि युवक का येत नाहीत यावर सायंकाळी परिसंवाद घेतात.

नागपूर सुधार प्रन्यास आणि महानगरपालिका यांच्याकडे नंदनवन परिसरातील प्रत्येक अभिन्यासाचा नकाशा आहे. माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर, खुल्या जागांची यादी मागता येते. ती मागावी, आणि यादीतील एकेक जागा प्रत्यक्ष जाऊन शोधावी : कोणत्या जागेवर काय उभे राहिले, कुलपाची किल्ली कोणाकडे आहे. या कामाला माणसे कमी पडणार नाहीत. नकाशा वाचण्यात, कोणत्या इमारतीमागून वाट निघते हे हेरण्यात आणि चौघांनी मिळून एखाद्या जागेचा ताबा घेण्यात तरबेज झालेली पोरे जगनाडे चौकाजवळच्या ओट्यावर बसलेलीच आहेत.